नाताळ कुणाच्या घरी?

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा लागला की नागपुरात सदर, मोहननगर, मेकोसाबाग या भागांतल्या गॅलऱ्यांवर कागदी तारे चढतात. करंज्या, शंकरपाळे, चकल्यांचे डबे भरले जातात, केकचे मिश्रण घेऊन मंडळी बेकरीच्या भट्टीवर रांग लावतात. काही घरांत मात्र या सगळ्याच्या आधी एक प्रश्न येतो : मिशनच्या कामाला दूर गेलेले आपले माणूस यंदा येणार का?

नागपूरने हा प्रश्न दोन्ही अंगांनी पाहिला आहे. पावणेदोनशे वर्षे परक्या मुलखातले मिशनरी इथे येऊन आपले सण करत राहिले, आणि इथल्या ख्रिस्ती घरांतली मुले-मुली सेवेसाठी दुसरीकडे जात राहिली. पुढचा संवाद मी रचलेला आहे, पण त्यातल्या दोन्ही बाजू मला मनापासून खऱ्या वाटतात. आत्या इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका, राहणार सदर. भाची छत्तीसगडमधल्या एका मिशन रुग्णालयात परिचारिका. तिचा नवरा तिथल्याच शाळेत शिकवतो आणि मुलगा सहा वर्षांचा आहे. डिसेंबरच्या आरंभी ती चार दिवस नागपुरात आली आहे आणि नाताळाआधीच परत निघणार आहे.

आत्या : म्हणजे यंदाही पंचवीस तारखेला तू नाहीसच. तुझे बाबा काही बोलत नाहीत, पण तारा लावताना स्टुलावर चढून मागे वळून बघतात, कुणीतरी वायर धरायला आहे का म्हणून. सण घराचा असतो गं. बाकीचं सगळं वर्ष तू लोकांना दे, कोण अडवतंय?

भाची : आत्या, पंचवीस तारखेलाही बाळंतपणं होतात. कुणाला तरी ड्यूटी करावीच लागते.

आत्या : ड्यूटीचं मला सांगू नकोस. मेयोत, मेडिकलमध्येही नर्सेस सणासुदीला ड्यूटी करतात. त्यांना वाईट वाटतं, त्या तसं बोलून दाखवतात आणि पुढच्या वर्षी पाळी बदलून मागतात. तुमच्याकडे वाईट वाटलं असं म्हणायचीच सोय नाही. घरचा सण चुकला की त्याला अर्पण म्हणायचं, म्हणजे प्रश्न मिटला.

भाची : पण मला खरंच आनंद होतो तिथे. पहिल्याच नाताळाची गोष्ट आठव ना. योसेफ आणि मरिया कुठे होते? नावनोंदणीसाठी आपलं गाव सोडून बेथलेहेमला गेलेले. उतारशाळेत जागा मिळाली नाही. आपला हा सण मुळात घरापासून दूर असलेल्या माणसांचाच आहे.

आत्या : अगं, पण ती दोघं एकत्र होती ना! पुढे मिसरला पळावं लागलं तेव्हाही तिघं एकत्रच गेली. त्या गोष्टीत घर सुटलं, कुटुंब सुटलं नाही. म्हणून मी तुझ्यापुरतं भांडत नाहीये. तू, जावईबापू आणि नातू एकत्र असता, हे मला दिसतं. पण इथे मागे राहिलेल्यांचा नाताळ कुठल्या हिशेबात धरायचा?

भाची : तू इतिहास शिकवलास, मग मला सांग, ज्यांच्यामुळे नागपुरात हे सगळं उभं राहिलं, त्यांनी काय केलं? हिस्लॉप नाताळाला स्कॉटलंडला जायचे का?

आत्या : स्टीफन हिस्लॉप नाताळ करतच नव्हते, असं म्हटलं तरी चालेल. ते 1845 मध्ये पत्नी एरास्मासह इथे आले, फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी म्हणून. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन लोकांना नाताळ मान्य नव्हता. पवित्र शास्त्रात त्या दिवसाची आज्ञा नाही, म्हणून पाळायचा नाही, इतकं सरळ. तिथल्या पार्लमेंटनं 1640 मध्ये नाताळाची सुटी रद्द केली होती, आणि पंचवीस डिसेंबर तिथे पुन्हा सार्वजनिक सुटीचा दिवस झाला तो थेट 1958 मध्ये. कुटुंबानं जमायचं, गोडधोड करायचं, शेजाऱ्यांच्या दारी जायचं, ते सगळं नववर्षाला. मुंबईत 1813 मध्ये उतरलेल्या गॉर्डन हॉल या अमेरिकन मिशनऱ्याचीही परंपरा तशीच. त्यांच्या मॅसॅच्युसेट्सनं 1659 मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरवला होता.

भाची : मग आपल्या घरी एवढा नाताळ आला कुठून?

आत्या : अनेक वाटांनी आला. कामठीची छावणी 1821 ची. तिथे मद्रास आर्मीच्या पलटणी असायच्या आणि त्यांच्याबरोबर दक्षिणेतली कॅथलिक कुटुंबं आली. गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी अँग्लिकन उपासना सुरू झाली. सदरचं ऑल सेंट्स कॅथेड्रल त्या परंपरेतलं. कॅथलिकांकडे फ्रान्सच्या बाजूचे, सावॉय प्रांतातल्या आनसी गावचे पाद्री आले, संत फ्रान्सिस डी सेल्सच्या संघाचे. आपण ज्या शाळेला एसएफएस म्हणतो तिचं नाव त्यांचंच. ती शाळा 1870 ची, नागपूरचा कॅथलिक धर्मप्रांत 1887 चा. हे सगळे आपापल्या गावचा नाताळ घेऊन आले. मग 29 नोव्हेंबर 1970 ला इथे नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. नाताळ थाटात करणारे अँग्लिकन आणि ज्यांच्या पूर्वजांनी तो नाकारला होता ते प्रेस्बिटेरियन एका मंडळीत आले.

भाची : आणि करंज्या?

आत्या : त्या आपल्या बायकांनी आणल्या. दिवाळीचं फराळ हाताला ठाऊक होतं, ते नाताळाला केलं.

भाची : बघ, तूच माझी बाजू मांडलीस. जे लोक घरापासून दूर येऊन इथे सण करत राहिले, त्यांच्यामुळे आज तुझ्या घरी सण आहे. आनसीचा एखादा पाद्री डिसेंबरात घरी परत गेला असता, तर कामठीच्या पोरांबरोबर तो सण कुणी केला असता? दूर केलेला सण वाया जात नाही. पन्नास-शंभर वर्षांनी तो कुणाच्या तरी घरचा होतो.

आत्या : होतो, कबूल. पण त्याची किंमत कुणी दिली, तेही ऐक. नर्मदेच्या उगमाकडे, मंडल्याच्या बाजूला करंजिया नावाचं गाव आहे. हिस्लॉप यायच्या थोडं आधी, 1840 च्या दशकाच्या आरंभी, जर्मन मिशनऱ्यांची एक तुकडी गोंडांत काम करायला तिथे गेली. काही महिन्यांतच त्यांतले चौघे आजारानं गेले. उरलेले नागपूरकडे आले. हिस्लॉप स्वतः 4 सप्टेंबर 1863 ला टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळं पाहून रात्री परतत असताना बोरीजवळच्या पुरात वाहून गेले. पंचेचाळीस वर्षांचे होते. नागपूरला रेल्वे आली 1867 मध्ये. त्यांच्या काळी मुंबईहून इथवरचा रस्ता बैलगाडीचा आणि पालखीचा. मिसरमार्गे येणारं पत्रसुद्धा कित्येक आठवड्यांनी हातात पडायचं. नववर्षाला स्कॉटलंडहून लिहिलेल्या शुभेच्छा नागपुरात वाचेपर्यंत उन्हाळ्याची चाहूल लागलेली असायची. आणि मुलं! हवा मानवत नाही, शिक्षणाची सोय नाही, म्हणून त्या काळच्या इंग्रज-स्कॉटिश कुटुंबांत मुलांना लहानपणीच मायदेशी नातलगांकडे पाठवायची रीत होती. आई इथे आणि मुलं तिकडे. त्या बायांनी सणाच्या दिवशी काय केलं असेल, हे मिशनच्या अहवालांत सापडत नाही. शाळांची संख्या सापडते.

भाची : ते दुःख मी नाकारत नाही.

आत्या : परदेशी बाया राहू दे. आपल्या लक्ष्मीबाई टिळक घे. त्यांचे पती नारायण वामन टिळक नागपुरात राहिलेले, इथल्या अप्पासाहेब बुटींकडे काम केलेले. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं त्यांना नवा करार दिला आणि आयुष्याची दिशा बदलली. आज तू ज्या रेल्वेमार्गानं ये-जा करतेस, तोच मार्ग. 1895 मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा 1900 चा. मधली वर्षं त्यांनी बहुतेक नातलगांच्या आधारानं काढली. त्या वर्षांत आलेल्या प्रत्येक दिवाळीला त्या घरात काय झालं असेल? टिळकांना हाक आली, सगळं मान्य. पण हाक एकाला येते आणि तिची किंमत दुसऱ्यालाही भरावी लागते, हे लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचल्यावर विसरता येत नाही.

भाची : आणि त्याच टिळकांनी मराठी मंडळीला शेकडो गीतं दिली. विलायती चालींत अवघडून गाणारे लोक अभंग-ओव्यांच्या वळणानं गाऊ लागले. लक्ष्मीबाईही शेवटी त्याच कामात उतरल्या. टिळकांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पूर्ण केलं. दुःख झालं म्हणून ते आयुष्य फुकट गेलं असं त्यांनी स्वतः कुठे म्हटलंय?

आत्या : मीही तसं म्हणत नाही. मी म्हणते, दुःख झालं हे तोंडानं म्हणू द्या. सैन्यातल्या जवानाची बायको म्हणते, ‘यंदा दिवाळीला ते नाहीत, करमत नाही.’ तिच्या देशभक्तीवर कुणी शंका घेत नाही. जवानाची रजा ठरलेली असते. मिशनच्या माणसानं घरची ओढ बोलून दाखवली की त्याच्या श्रद्धेत काही कमी आहे का, असं लोक बघतात. केरळच्या कितीतरी सिस्टर इथल्या शाळांत, दवाखान्यांत जन्म काढतात. आपण हक्कानं त्यांच्याकडून नाताळच्या शुभेच्छा घेतो. त्यांच्या आईला कोट्टायमला कोण शुभेच्छा देतं?

भाची : हे मात्र तू खरं बोललीस. मलाही तिथे पहिल्या नाताळाला रडू आलं होतं आणि मी ते लपवलं. सगळ्यांनी मिळून सजावट केली होती, कॅरल म्हणत गावातून फिरलो होतो. रात्री मुलाला झोपवताना त्यानं विचारलं, आजोबा आपल्याकडे का नाही आले? मी म्हटलं, येशूचं काम आहे ना. नंतर वाटलं, हे उत्तर देऊन मी त्याच्या मनात काय रुजवतेय? येशूमुळे आजोबा भेटत नाहीत, असंच ना?

आत्या : मग काय सांगितलंस?

भाची : दुसऱ्या दिवशी सांगितलं की आजोबांची मलाही आठवण येते, आणि आपण इथे राहायचं मी आणि बाबांनी ठरवलंय. निर्णय आमचा आहे, तो देवावर ढकलायचा नाही. तेव्हापासून माझं मन हलकं आहे. पण आत्या, तुझ्या बोलण्यात एक गोष्ट सारखी सुटते. तू मागे राहिलेल्यांचं बोलतेस, गेलेल्यांचं बोलतेस. ज्यांच्याकडे गेलो, त्यांचं काय?

आत्या : म्हणजे?

भाची : पहिल्या वर्षी मी ठरवलं होतं की नागपूरचा नाताळ तिथे जसाच्या तसा उभा करायचा. इथून अनारशाचं पीठ नेलं, तारा नेला, संत्र्याची बर्फी नेली. चोवीस तारखेला शेजारच्या काकी डबा घेऊन आल्या. डब्यात अइरसे होते. तांदळाचं पीठ आणि गूळ, तळलेले. आपल्या अनारशाचे सख्खे भाऊबंद! मी त्यांना खिलवायला बसले होते आणि त्याच मला खिलवत होत्या. मग कळलं, त्यांच्याकडे पोऱ्याच्या सणाला मुलं मातीचे बैल ओढतात, अगदी आपल्या तान्ह्या पोळ्यासारखे, आणि ठेठरी-खुरमी करतात. पौष पौर्णिमेला छेरछेरा असतो. नवं धान घरात आलेलं असतं, पोरं दारोदार जाऊन धान मागतात आणि कुणी नाही म्हणत नाही. आम्ही कॅरल घेऊन दारात गेलो तेव्हा लोकांना नवल वाटलंच नाही. गाणं म्हणत दारात आलेल्याला सुपात धान द्यायचं, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत. आम्हालाही धान दिलं!

आत्या : घेतलंत?

भाची : घेतलं. ते रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात शिजलं. पाहुणा म्हणून घ्यायला शिकणं मला द्यायला शिकण्यापेक्षा अवघड गेलं.

आत्या : मग मला यातलीच एक भीती सांगू दे. आपल्या लोकांच्या इतिहासात असंही झालंय की मिशननं माणसं जवळ केली आणि त्यांचे सण तोडले. ढोल वाजवू नको, फराळ करू नको, पोळ्याला जाऊ नको. एका घरात दोन तुकडे झाले. घरापासून दूर असण्याचं दुःख तुला कळतं, तर दुसऱ्याला त्याच्याच गावात परकं करू नकोस. हिस्लॉपांची एक गोष्ट मला आवडते. गोंडांत फिरताना त्यांनी गोंडांच्या लिंगो देवाची कथा लिहून घेतली. ते गेल्यावर रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये त्यांचे कागद छापले, म्हणून ती कथा ग्रंथात उरली. जो स्वतःच्या मुलखात नाताळही करत नव्हता, त्यानं दुसऱ्याच्या देवाचं गाणं मन लावून ऐकलं.

भाची : मला अजून दोघांची नावं घ्यायचीत. एक फादर स्टीफन्स. 1579 मध्ये गोव्याला उतरले आणि काही दिवसांतच लंडनला वडिलांना लांबलचक पत्र लिहिलं, समुद्रप्रवास कसा झाला ते सगळं सांगणारं. ते पत्र आजही वाचायला मिळतं. पुढे चाळीस वर्षं ते इकडेच राहिले, इकडेच गेले. पण त्यांनी नाताळाची कथा मराठी ओवीत सांगितली; 1616 मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं. वडिलांना पत्र लिहिणारा मुलगा आणि इथल्या भाषेत कथा सांगणारा पाद्री, हा एकच माणूस होता. घराची ओढ ठेवूनही इथलं होता येतं.

आत्या : आणि दुसरं?

भाची : शामराव हिवाळे. अहमदनगर कॉलेज काढणाऱ्या भास्कर पांडुरंग हिवाळ्यांचे भाऊ. 1932 मध्ये व्हेरिअर एल्विन या इंग्रज पाद्र्याबरोबर करंजियाला गेले. तू सांगितलेलं जर्मन मिशनऱ्यांचं गाव तेच. एल्विनना बिशपांनी परवाना दिला नाही, पुढे त्यांनी चर्च सोडलं, मग ते शिलाँगला गेले. शामराव मंडल्याकडेच राहिले. तिथल्या परधान जमातीवर त्यांनी पुस्तक लिहिलं ते तिथल्या माणसांत राहून. त्याच्या नव्वद वर्षं आधी जिथे चार जणांचं आयुष्य संपलं, तिथे नगरच्या एका मराठी माणसानं घर केलं. मला सेवा म्हणजे तेच वाटतं. परक्या गावी आपलं घर मांडणं. आणि घर मांडलं की सण तिथेच होणार ना, आत्या?

आत्या : तुझं घर तिथे झालं, हे मी आज पहिल्यांदा मान्य करते. पण मग घर या शब्दाला दोन पत्ते आहेत, हे तूही मान्य कर. लग्न झालेली प्रत्येक मुलगी हे जाणते. सासरी सण करायचा आणि माहेरीही जायचं. माहेर सोडलं म्हणून कुणी तिला संत म्हणत नाही, आणि माहेरी आली म्हणून कुणी तिला कमी समजत नाही. मिशनचंही तसंच असू दे.

भाची : म्हणजे काय करायचं? नुसतं बोलून उपयोग नाही.

आत्या : तीन गोष्टी. एक, वर्षाआड नाताळ नागपुरात. ज्या वर्षी तू येशील त्या वर्षी तुझी पाळी दुसऱ्या कुणी घ्यावी, आणि हे आधीपासून कागदावर असावं. दरवेळी तोंड वेंगाडून रजा मागायला लागू नये. दोन, ज्या वर्षी तू येणार नाहीस त्या वर्षी इथून कुणीतरी तिकडे जावं. बिलासपूरची गाडी काही विलायतेची बोट नाही, दिवसाभरात पोहोचता येतं. तुझे बाबा कधी गेले नाहीत, कारण कुणी म्हटलंच नाही की या. तीन, आपली मंडळी दरवर्षी मिशनच्या कामासाठी दानपेटी फिरवते. त्यात कामाचा खर्च धरतात, माणसाच्या प्रवासाचा धरत नाहीत. तो धरायला हवा.

भाची : पहिली अट मला पूर्ण मान्य नाही. माझ्या वाट्याच्या वर्षी तिथे कुणी नसेल तर मी थांबेन. बाळंतीण बाईला कागद दाखवता येत नाही.

आत्या : थांब. पण थांबलीस की मला फोन करून सांग की वाईट वाटतंय. आनंद वाटतोय असं सांगू नकोस.

भाची : दोन्ही सांगेन. दोन्ही खरं असतं.

आत्या : बरं, दोन्ही सांग. मी ऐकून घेईन. आणि जानेवारीत पास्टोरेट कमिटीची बैठक आहे, तिथे प्रवासखर्चाचा विषय मी मांडते. आपल्या मंडळीतून जेवढी माणसं बाहेर सेवेत आहेत त्या सगळ्यांची नावं आणि गावं तू मला लिहून दे. त्यांच्या आईवडिलांना मी स्वतः भेटते. जे लोक माणूस पाठवतात, त्यांच्या सणाची काळजीही पाठवणाऱ्या मंडळीनंच घ्यायची असते.